गाम्सकारवरची वेणी

कास्परनं बायकोच्या स्की पुलावरून ओढ्यात फेकल्या, असं सध्या आमच्या इनरबाखमध्ये बोललं जातं. बेकरीत ऐकलंत तर नुसत्या स्की, स्कीच्या दुकानात ऐकलंत तर स्की आणि बूट दोन्ही, आणि चर्चच्या पायऱ्यांवर ऐकलंत तर अफ्रा स्वतःही थोडक्यात वाचली.

साफ खोटं. मी त्यांची शेजारीण. त्यांच्या घरात आणि माझ्या खानावळीत एक भिंत आहे, तीही पातळ, आणि माझी बाल्कनी थेट पुलावर उघडते. झालं ते मी हातात बटाटे सोलायची सुरी घेऊन स्वतः पाहिलं. कास्पर अफ्राच्या स्की खांद्यावर टाकून पुलापर्यंत गेला, हे खरं. कठड्याला टेकून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला, हेही खरं. मग परत आला, गॅरेजमध्ये शिरला, त्या स्की बाकाला आवळल्या आणि त्यांच्या कडांना धार लावायला लागला. मग मेण लावलं, खरवडलं, पुन्हा लावलं. तोंडात शिव्या चालू होत्या, पण हात असे फिरत होते की जणू तान्ह्या बाळाला तेल लावतोय. ओढ्यात गेली ती त्याची स्वतःची टोपी, आणि ती वाऱ्यानं.

आता बायकोवर जळफळणारा नवरा तिच्याच स्कींना धार लावतो, हे गावाला पचेना. म्हणून गावानं त्या ओढ्यात टाकल्या. मी सांगते ते मात्र पहिल्यापासून सांगते.

कास्पर आमच्या गावचा गाइड. यंत्रानं रोज सपाट केलेल्या उतारांवर, खुणेच्या खांबांच्या आत स्की करणाऱ्यांशी त्याचा संबंध नाही. ज्यांना स्की नीट येते आणि जे त्या खांबांना कंटाळलेत, अशा पाहुण्यांना तो बाहेरच्या डोंगरात नेतो. रोपवेनं वर, मग मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून दोनेक तासांचा चढ, आणि तिथून कुणी न तुडवलेल्या बर्फातून खाली. उतरल्यावर सूप प्यायला माझ्याकडे. चेहरा उन्हानं रापून बुटाच्या चामड्यासारखा, फक्त डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराचं पांढरं. गालातल्या गालात हसला तरी घुबड हसल्यासारखं दिसतं.

स्वभावानं जळका. हे मी त्याच्या तोंडावर म्हणते, त्यामुळे इथे म्हणायला हरकत नाही. मात्र तो माणसांवर जळायचा नाही, बर्फावर जळायचा. रोपवेच्या आवारात त्याची गाडी दिसली की खालच्या आउसरबाख गावचे गाइड ताडतात, आज चांगला बर्फ कुठल्या अंगाला आहे. म्हणून हा गाडी लावतो दफनभूमीच्या फाटकाशी, आणि स्की खांद्यावर टाकून मागच्या वाटेनं सटकतो. नवे पाद्रीबाबा आले त्या हिवाळ्यात त्यांनी मला हळूच विचारलं, "या बिचाऱ्याचं कोण गेलं?"

मी म्हटलं, "बाबा, त्याचं रोजच काहीतरी जातं. आज पूर्वेचा उतार गेला."

उतार नेणारा बहुतेक वेळा आउसरबाखचा गेबहार्ड. दोघं एकाच वर्षी गाइड झाले, शिकताना एकाच दोराला बांधलेले असायचे. मग नन नावाचं आमचं जे शिखर आहे, डोक्यावर कायम पांढरा रुमाल बांधलेलं, त्याच्या उत्तर अंगावरच्या कोऱ्या बर्फात त्या वर्षीची स्कीची पहिली रेघ कुणाची, यावरून बिनसलं. तेव्हापासून दोघं एकमेकांना अहो-जाहो करतात. आमच्याकडे गाइडनं गाइडला अहो म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं. गेबहार्ड उंच, दात चांगले, हसरा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. पाहुण्यांसाठी स्वतः भाजलेला अक्रोडाचा केक पाठपिशवीतून नेतो. केकचा विषय निघाला की कास्पर खुर्ची बदलतो.

आता माझी खिडकी. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाम्सकार दिसतो, म्हणजे ननच्या पायाशी असलेला बर्फाचा मोठा खोलगट उतार. कास्परच्या खिडकीतून दिसते माझी भिंत. म्हणून तो रोज सकाळी पाहुण्यांना भेटण्याआधी माझ्याकडे कॉफीला येतो, खिडकीतली माझी दुर्बीण उचलतो आणि आदल्या दिवशीच्या रेघा वाचतो. लोक पेपर वाचतात तशा. प्रत्येकाचा हात वेगळा. कास्परची वळणं आखूड, घट्ट, शिवणयंत्राच्या टाक्यांसारखी. गेबहार्डची लांब आणि सैल, दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखी. गावातल्या कुणालाही दाखवा, नाव सांगेल.

आणि अफ्रा. अफ्रा वरच्या शेतावरची मुलगी. पोरवयात रोज सकाळी स्कीवरून दूध घेऊन खाली डेअरीत यायची. आता त्याच डेअरीत चीज करते. दुपारी तिचं काम आटपतं तेव्हा नवरा डोंगरात असतो. मग ती डेअरीमागच्या टेकाडावर एकटीच चढते, एकदाच उतरते आणि घरी जाऊन कणीक मळते. ते आम्ही सगळे बघत आलोय. फक्त कास्परनं बघितलेलं नाही, कारण तो घरी येईपर्यंत वारा तिच्या रेघेवरून हात फिरवून गेलेला असतो.

लग्नात त्यानं सगळ्यांसमोर ग्लास उंचावून कबूल केलं होतं, "दर मार्चमध्ये एक दिवस ननवर. पाहुणे नाहीत, फक्त मी आणि माझी बायको." मी होते तिथे, टाळ्याही वाजवल्या, आणि थोडी जळलेही. माझ्या नवऱ्यानं लग्नात फक्त जेवण चांगलं होतं एवढं सांगितलं होतं. पहिल्या मार्चमध्ये गेले दोघं. दुसऱ्या मार्चमध्ये हॅनोव्हरचे दातांचे डॉक्टर टीलमान आपला गट घेऊन आले, त्यांना इथलं फार आवडलं, आणि ते पंचवीसेक वर्षं मार्चमध्ये येतच राहिले. अफ्रानं कधी शब्द काढला नाही. तिथेच कास्पर फसला. त्याला वाटलं, ती विसरली.

फेब्रुवारी संपता संपता भरपूर बर्फ पडला, आणि मग एक निळी, स्वच्छ सकाळ उजाडली. कास्पर आला, कॉफी घेतली, दुर्बीण उचलली आणि कप तोंडाशी न्यायचं विसरला.

"झेन्सी, हे काय आहे?"

"काय?"

"गाम्सकारवर वेणी आहे!"

एकानं उतरायचं आणि दुसऱ्यानं त्याच्या मागोमाग, त्याचं प्रत्येक वळण बरोबर मधोमध छेदत. दोन रेघा एकमेकींत अशा गुंफल्या जातात की डोंगराची पाठ शाळकरी मुलीच्या पाठीसारखी दिसते. आमच्याकडे त्याला वेणीच म्हणतात. ती कुणाहीबरोबर जमत नाही. दोघांचा ताल एक लागतो.

"एक गेबहार्ड," कास्पर दात खाऊन म्हणाला. "पुढचा. चादरी वाळत घातल्यात. पण मागचा कोण?"

मी दुधाखालचा गॅस कमी केला. मला दुर्बिणीची गरजच नव्हती.

"आमच्यापैकी नाही," तो म्हणाला. "आमच्यातला असता तर ओळखला असता. बघ तरी, झेन्सी! काय हात आहे! घाई नाही, जोर नाही. डावीकडच्या वळणाला किंचित रेंगाळतो, हातातलं काहीतरी सांडू नये म्हणून जपावं तसा. हे शिकवून येत नाही." तो दुर्बीण खाली ठेवायला तयार नव्हता. "नशीब एकेकाचं. या गेबहार्डला असे पाहुणे मिळतात, आणि मला हॅनोव्हरचे दात. खरं सांगू? हा हात माझ्यापेक्षा सरस आहे."

"पुन्हा म्हण."

"सरस आहे. माझ्यापेक्षा. मी कधी असं म्हणतो?"

"कधीच नाही."

"मग कोण आहे हा?"

दूध उतू गेलं. जाऊ दिलं. पोटात एवढी बातमी धरून ठेवायला मी काही संत नाही. म्हटलं, "हा नाही, ही. तुझी अफ्रा."

त्यानं कप बशीत ठेवला. बशीच्या बाहेर ठेवला खरं तर, कॉफी टेबलावर सांडली, आणि तो तसाच निघून गेला. मग भिंतीपलीकडून ऐकू आलं. मी कान लावला नव्हता, मी भांडी पुसत होते. भांडी त्या भिंतीला लागूनच ठेवलेली असतात.

"तू काल कुठे होतीस?"

"गाम्सकारवर," अफ्रा म्हणाली. तिचा आवाज चीज ढवळताना असतो तसाच, ना वर ना खाली.

"गेबहार्डबरोबर!"

"गाइड घेतला. लोक घेतात."

"गाइडच्या बायकोनं दुसरा गाइड घेतला? गाव काय म्हणेल?"

"काय म्हणेल ते झेन्सीला विचार, ती ऐकतेच आहे."

मी एक ताट जरा जोरात ठेवलं.

"मला का नाही विचारलंस?" कास्परचा आवाज चिरका झाला होता.

"तू बुक होतास."

"गेबहार्डच का पण? बाकी गाइड मेले होते?"

"त्यानं फोन उचलला."

"आणि वेणी? वेणी कशाला घातली त्याच्याबरोबर?"

"तो म्हणाला, मागे येतेस का. मी गेले. बरी जमली." मग ती म्हणाली, "मार्चअखेरीस तो ननवर नेणार आहे. मी नाव दिलंय."

मी पुसून झालेलं ताट पुन्हा पुसायला घेतलं.

"ननवर मी नेईन तुला," शेवटी तो म्हणाला.

"कधी?"

"मार्चमध्ये..." आणि तो थांबला. मार्चमध्ये दातांचे डॉक्टर. "एप्रिलमध्ये."

"एप्रिलमध्ये बर्फाचं पाणी होतं, कास्पर. तूच पाहुण्यांना सांगतोस."

त्यानंतर तो पूल, ती टोपी, ते गॅरेज. ते तुम्हाला सांगून झालंय.

पुढचे तीन आठवडे मला दुर्बीण डोळ्यांना लावायला मिळाली नाही, कास्पर ती सोडेना. अफ्रा डेअरीतून सुट्टी घेऊन आणखी दोनदा गेबहार्डबरोबर गेली, एकदा दक्षिणेच्या खिंडीत, एकदा लांडगेकड्याखाली. दोन्ही वेळा कास्पर आपल्या पाहुण्यांना नेमकं समोरच्या डोंगरावर घेऊन गेला. पाहुणे म्हणत, इथे बर्फ तर दगडासारखा आहे. हा म्हणे, नजारा बघा. पाहुण्यांनी नजारा बघितला, यानं बायको बघितली, आणि तीही एवढ्या लांबून की लाल ठिपका आहे एवढंच कळलं. घरी आल्यावर खुसपटं काढायचा.

"तो उतार दहानंतर उन्हात येतो. धोक्याचं आहे ते. गाइडला कळायला नको?"

"नऊला उतरलो," अफ्रा म्हणे.

"केक दिला असेल त्यानं."

"दिला."

"कसा होता?"

"कोरडा होता."

त्या एका शब्दावर कास्पर दोन दिवस सुखानं जगला. तिसऱ्या दिवशी बेकरीत कुणीतरी म्हणालं की अफ्रानं गेबहार्डला केकात लोणी जास्त घालायला शिकवलं, आणि याचं जेवण पुन्हा गेलं.

एका दुपारी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. सूप समोर, चमचा हातात, चमचा सूपपर्यंत पोचत नव्हता.

"झेन्सी, तू फोन कर."

"कुणाला?"

"त्याला. ननच्या दिवसासाठी. म्हणावं, एक पाहुणा आहे."

"कुठला पाहुणा?"

त्यानं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं, बरोबर गाइडच्या बिल्ल्यावर.

मी खुर्चीत बसले. "आणि तुझे डॉक्टर?"

"त्यांना सांगितलं पाठीत उसण भरली."

पंचवीस वर्षांत त्यानं डॉक्टर टीलमानला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. मी फोन लावला. कास्पर कान लावून बसला, कानाची पाळी माझ्या गालाला लागेल इतका जवळ.

"गेबहार्ड, ननच्या टोळीत जागा आहे का? दोघं आहेत. एक मी." हे मी आयत्या वेळी ठरवलं. हे बघायला मिळालं नसतं तर मी मेले असते. "दुसरे एक वयस्कर गृहस्थ."

"अनुभवी आहेत ना?" गेबहार्डनं विचारलं. "तयार उतार नाही तो, झेन्सी. भुसभुशीत बर्फ झेपेल ना त्यांना?"

मी कास्परकडे बघितलं. "थोडंफार जमतं म्हणतात. मध्ये मध्ये चिडतात, पण पडत नाहीत."

ठरल्या सकाळी रोपवेशी अफ्रा उभी होती, तिच्या त्या लाल जाकिटात. गेबहार्ड आला, कास्परला पाहून त्याचे चांगले दात क्षणभर झाकले गेले, मग पुन्हा दिसले.

"अच्छा. ते वयस्कर गृहस्थ."

"नमस्कार," कास्पर म्हणाला. "तुम्ही कसे आहात?"

"उत्तम. आपण?"

अफ्रानं आपल्या स्कींच्या कडांवरून नख फिरवलं. नखाचा भुगा पडला, एवढी धार. ती कास्परकडे बघून पुन्हा स्कींकडे बघायला लागली. तेवढ्यात मागून हाक आली, "कास्पर! तुमच्या पाठीत उसण भरली होती ना?"

डॉक्टर टीलमान, आज गटाविना. कास्परनं नाही म्हटल्यावर बिचाऱ्यांनी शोधून शोधून दुसरा गाइड गाठला होता, आणि तो कोण असणार?

"उतरली," कास्पर म्हणाला. "चमत्कार झाला."

रोपवेच्या वरच्या टोकाला झाडं संपतात, आणि झाडं संपली की आमच्याकडे अहो-जाहो संपतं. न्यायाधीश असो नाहीतर बिशप, वर सगळे अरे-तुरे. कुणी ठरवलं ठाऊक नाही, मोडत मात्र कुणी नाही. आम्ही पट्ट्या चिकटवल्या. मग गेबहार्ड वाटेच्या कडेला उभा राहिला आणि एकेकाला समोरून चालवलं, प्रत्येकाच्या छातीवरचं यंत्र वाजतंय की नाही हे तपासायला. बर्फाचा कडा कोसळून माणूस त्याखाली गेला तर त्याच आवाजावर शोधतात. अफ्राचं वाजलं, डॉक्टरांचं वाजलं, माझं वाजलं. कास्परचं वाजेना.

आयुष्यभर दुसऱ्यांची तपासत आला होता ना. स्वतःचं चालू करायचं राहिलंच.

"कास्पर," गेबहार्ड म्हणाला, आणि किती वर्षांनी कोण जाणे, तो शब्द आलाच, "तुझं यंत्र चालू कर."

कास्परच्या चेहऱ्यावर जे गॉगलएवढं पांढरं होतं, तेही लाल झालं. "केलं," तो म्हणाला. आणि मग जीभ चावत, "तू नीट बघतोस."

चढाला क्रम असा लागला: पुढे गेबहार्ड, मग अफ्रा, मग डॉक्टर, मग मी धापा टाकत, आणि सगळ्यांत मागे कास्पर. चढाची वाट पहिला माणूस काढतो, बाकीचे त्याच्या खाचेतून जातात. माझ्या पाठीमागे सगळा वेळ पुटपुट चालू होती. "फार उभी काढतोय. नाही, बरोबर आहे. आता त्या खडकाआधी वळायला हवं. वळला. मेला वळला. इथे अंतर सोडायला सांगायला हवं..." आणि पुढून गेबहार्डची हाक यायची, "इथे दहा-दहा पावलं अंतर ठेवा!" दुसऱ्याच्या चुकीची वाट बघत डोंगर चढायचा आणि शिखरापर्यंत एकही चूक सापडू नये, इतकं दुःख मी कुणाच्या वाट्याला आलेलं पाहिलेलं नाही.

डॉक्टर मध्येच मान वळवून विचारायचे, "कास्पर, हा बर्फ कसा वाटतो रे तुला?"

"गाइडला विचार," कास्पर म्हणायचा.

शिखरावरच्या क्रूसाशी पोचलं की गाइड प्रत्येकाशी हात मिळवतो आणि बायकांच्या गालाला गाल लावतो. रीतच आहे. गेबहार्डनं आधी अफ्राचा हात घेतला, मग गालाला गाल लावला. कास्परनं त्या वेळात बुटाची पट्टी तीनदा सोडली आणि बांधली. मग सगळ्यांचे हात सगळ्यांशी मिळाले, आणि शेवटी उरले नवराबायको.

"अभिनंदन, गाइडसाहेब," अफ्रा म्हणाली.

"आज पाहुणा आहे," तो म्हणाला. त्यानं तिचा हात सोडला नाही.

"मार्च आहे," ती म्हणाली. "नन आहे. पण गेबहार्डनं आणलं, तू नाहीस."

आम्ही अफ्राचं चीज खाल्लं, वाळवलेल्या मांसाच्या चकत्या खाल्ल्या. केक फिरला. तो ओलसर, लोण्यानं मऊ, अप्रतिम होता. कास्परनं दोन तुकडे खाल्ले, जसं कुणी कडू औषध दोनदा घेतं.

उतरताना गाइड आधी जातो, खाली सुरक्षित जागी थांबतो आणि हात वर करतो. मग एकेकानं जायचं. गेबहार्ड गेला, चादरी वाळत घालत. त्यानं हात वर केला. अफ्रा पुढे सरकली.

आता हे लक्षात घ्या. कास्पर आयुष्यभर पुढे गेला. त्यांचा तो एकमेव ननचा दिवस, त्यातही तो पुढे होता, आणि खाली थांबून त्याची नजर होती वरच्या कड्यावर, तो कोसळेल की काय या धाकानं. आपली बायको उतरते कशी, हे त्यानं आज पहिल्यांदा वरून बघितलं.

अफ्रा निघाली. स्कींचा आवाज आलाच नाही, फक्त बर्फाचा, रवा चाळताना येतो तसा. उजवीकडे वळली, डावीकडे वळली, डावीकडे किंचित रेंगाळली.

"ती डावीकडे अशी का थांबते?" कास्परनं कुजबुजत विचारलं.

"दुधाची किटली," मी म्हटलं. "पोरगी होती तेव्हा उजव्या हातात किटली घेऊन उतरायची. डावीकडे वळताना सांडायचं. अंगात राहून गेलं ते."

"मला कधी बोलली नाही."

"तू विचारलंस?"

तो खाली बघत राहिला. अफ्रा गेबहार्डजवळ पोचली, गेबहार्डनं टाळी वाजवल्यासारखे हातमोजे आपटले, आणि कास्परच्या घशातून असा आवाज आला की शेजारी डॉक्टर म्हणाले, "उसण पुन्हा भरली का रे?"

त्यानं मान वळवली. "टीलमान, पुढल्या मार्चपासून तू गेबहार्डकडे ये."

"काय? मी काय केलं?"

"काही नाही. मार्चमध्ये मी बुक आहे. फेब्रुवारीत ये, जीव टाकून नेईन. मार्चमध्ये हा. चांगला आहे हा." हे शेवटचे तीन शब्द त्याच्या तोंडातून निघताना मी बघितले. दाढ उपटताना सुद्धा इतका त्रास होत नसेल. दातांच्या डॉक्टरांनीही ते ओळखलं असावं, कारण ते गॉगल डोळ्यांवर ओढून उतरून गेले.

खाली सगळे जमल्यावर डॉक्टरांनी ही बातमी स्वतःच रडवेल्या आवाजात सगळ्यांना सांगितली. गेबहार्डनं कास्परकडे बघितलं. मार्चचे डॉक्टर म्हणजे कुठल्याही गाइडचा अख्खा महिना. "तू हे मला देतोयस?" त्यानं विचारलं.

"तुला नाही देत," कास्पर म्हणाला. "तिला देतोय. तू मध्ये आलास."

अफ्रानं गॉगल कपाळावर सरकवला आणि नवऱ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

शेवटचा टप्पा गाम्सकार. तिथे उतार सौम्य, बर्फ पक्का बसलेला, भीती नाही. गेबहार्ड म्हणाला, "इथे ज्यांना जोडीनं उतरायचंय त्यांनी उतरा. मी खाली थांबतो." आणि निघून गेला. शहाणा माणूस. हे मी कास्परसमोर म्हणत नाही.

अफ्रानं काठ्या रोवल्या. "तू पुढे होणार?"

ज्यानं जन्मात कुणाच्या मागे स्की घातली नव्हती, तो म्हणाला, "मागे येतो."

ती निघाली आणि तो निघाला. शिवणयंत्राला कधी लांब धावदोरा घालायला लावलाय? तसं झालं. त्याची आखूड वळणं तिच्या गोल वळणांत मावेनात. एकदा तो लवकर आला, एकदा फार उशिरा, एकदा तर तिच्या रेघेवरून सरळ गेला. ती थांबली नाही, तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. फक्त डावीकडे नेहमीपेक्षा जरा जास्त रेंगाळली. खाली येईस्तोवर कुठे वेणी जमली. मी आणि डॉक्टर वरून बघत होतो. मला कुणी वेणीसाठी विचारलं नाही. डॉक्टर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं स्वयंपाकघर भरलं. बेकरीवाली आली, स्कीच्या दुकानातला आला, पाद्रीबाबाही अंडी मागायच्या निमित्तानं आले. दुर्बीण हातोहात फिरली. गाम्सकारवर आमच्या इनरबाखच्या इतिहासातली सगळ्यांत वेडीवाकडी वेणी होती, वरती तर केस विंचरायच्या आधीच घातल्यासारखी. आणि त्या गुंत्यातून अफ्राची रेघ सरळ, शांत, पार खालपर्यंत आलेली.

कास्पर कॉफीला आला. दुर्बीण आपोआप त्याच्याकडे सरकली. त्यानं दुर्बीण घेतली, बराच वेळ बघितलं.

"गेबहार्डबरोबरची नीट झाली होती," तो म्हणाला. घुबडाच्या चेहऱ्यावर जुना जळका रंग पसरत होता, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

मला राहवतंय होय? मी म्हटलं, "काय रे कास्पर, सगळं गाव म्हणतंय बायकोचा हात तुझ्यापेक्षा सरस आहे."

त्यानं दुर्बीण खिडकीत ठेवली, कपात साखर घातली, ढवळली आणि म्हणाला, "गाव आज म्हणतंय. मी महिन्यापूर्वीच म्हणालो होतो, याच खिडकीत उभा राहून. आणि तेव्हा ती कोण आहे हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं."